आनंद बाजारातला नफा कोणाचा?



जानेवारी-फेब्रुवारी आला की आपल्याकडच्या बहुतेक शाळांत 'आनंद बाजार' भरतो. कुठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात, कुठे खरी कमाई. पटांगणात बाकं मांडायची, त्यावर जुनी चादर अंथरायची, पुठ्ठ्यावर स्केचपेनने भाव लिहायचे. कोणी भेळ विकतं, कोणी उकडलेले वाल, कोणी घरच्या परसातली अळूची पानं. सरपंच फीत कापतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी येते : 'विद्यार्थ्यांनी गिरवले व्यवहारज्ञानाचे धडे.'

मी गणित शिकवतो, त्यामुळे बाजारानंतर मुलांचे हिशेब तपासायचं काम दर वर्षी माझ्याकडे येतं. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. तिने घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी विकली होती. पन्नास प्लेटी, वीस रुपयाला एक. गल्ला हजार रुपये. खर्च तिने लिहिला होता एकशेचाळीस : कागदी प्लेटी, डाळं आणि मिरच्या. नफा आठशे साठ. टाळ्या वाजल्या.

मी तिला सहज विचारलं, "तांदूळ?" म्हणाली, "घरचेच होते सर." नारळ? "घरचेच." गॅस? "तो तर असतोच ना." घावन कोणी घातले? "आईने. पहाटे चारला उठली होती."

त्या दिवशी आम्ही दोघांनी तिची वही पुन्हा मांडली. एकशेचाळीस तर होतेच. तीन किलो तांदूळ, दीडशे रुपये. चार नारळ, दुकानात दिले असते तर जेवढे मिळाले असते त्या भावाने एकशेवीस. तेल नव्वद, गॅस अंदाजे साठ, टोप घेऊन यायला केलेली रिक्षा ऐंशी. आणि आईचे पाच तास. आपल्याकडे शेतावर बाईला जी मजुरी देतात त्यावरून तासाला अडतीस रुपये धरले, म्हणजे एकशे नव्वद. बेरीज झाली आठशे तीस. हजारातून वजा जाता उरले एकशे सत्तर. त्यात तिचे स्वतःचे सात तास होते, आदल्या संध्याकाळचे तीन आणि बाजारातले चार. तासाला चोवीस रुपये पडले.

मुलीचा चेहरा उतरला. मला वाटलं, आपण हे करायला नको होतं. घरी जाऊन तिने आईला वही दाखवली असणार, कारण दोन दिवसांनी आई शाळेत आली. मी मनातून घाबरलोच. बाईंनी एवढंच विचारलं, "सर, माझं पण लिवलंत त्यात?"

उद्योजकता शिक्षण म्हणजे काय, या प्रश्नाकडे मी तेव्हापासून या वहीतून बघतो. आनंद बाजार वाईट नाही. मुलं बोलायला शिकतात, सुटे पैसे मोजायला शिकतात, लाजाळू पोरं ओरडून गिऱ्हाईक बोलावतात. पण तिथे मुलं शिकतात ती विक्री. धंद्याचा खरा अभ्यास विक्रीच्या अलीकडे आणि पलीकडे असतो : माल कुठून आला, कोणाच्या कष्टाचा आला, पैसा किती दिवस अडकला, उरलेल्या मालाचं काय झालं, पुढच्या वेळी भाव काय लावायचा. आणि एकाच दिवसाच्या बाजारात नेमक्या याच गोष्टी घरचे लोक मुलांच्या नजरेआड झेलतात. भांडवल आईबापांचं, तोटा आईबापांचा, नफा मुलांचा. असा धंदा जगात कुठेच नसतो.

याचं गणित पुस्तकात नाही असंही नाही. आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' आहे, नववी आणि दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे, दहावीत तर जीएसटीची उदाहरणं सोडवून घेतो आपण. पण ती उदाहरणं सोडवणाऱ्या मुलाला कधी वाटत नाही की आपल्या बापाच्या होडीला, आपल्या वाडीतल्या सुपारीला हे लागू होतं. पुस्तकातला व्यापारी 'एक व्यापारी' असतो. त्याला ना गाव ना घर.

पाबळचा धडा

शाळेत हे काम गंभीरपणे करता येतं का? येतं, आणि त्यासाठी परदेशात बघायची गरज नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबई सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. खेड्यातलं मूल हाताने काम करत करत जेवढं शिकतं, तेवढं नुसतं फळ्याकडे बघून शिकत नाही. मग शाळेत हाताचं काम आणा, पण ते खोटं खोटं नको.

त्यातून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा अभ्यासक्रम उभा राहिला. त्याला पुढे राज्य मंडळाची मान्यता मिळाली आणि तो राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या अनेक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं या कामाला देतात. चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं, कोंबड्या पाळणं, असं सगळं त्यात येतं. शिकवणारा निदेशक शक्यतो त्याच परिसरातला, ते काम प्रत्यक्ष करून पोट भरणारा माणूस.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे लोकोपयोगी सेवा. मुलं शिकलेलं काम गावासाठी करतात आणि त्याचे पैसे घेतात. कोणाच्या घरी वायरिंग दुरुस्त केलं, कोणाला लोखंडी स्टँड करून दिला, शेतकऱ्याच्या मातीचा नमुना तपासला. गिऱ्हाईक खरं असतं, त्यामुळे काम वाईट झालं तर ते पैसे देत नाही आणि पुन्हा बोलावतही नाही. कोणत्याही परीक्षेपेक्षा कडक परीक्षा ही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूचा खर्च काढणं, म्हणजे कॉस्टिंग. साहित्य किती, मजुरी किती, यंत्राची झीज किती. 'मजुरी' हा रकाना तिथे रिकामा सोडत नाहीत.

आनंद बाजार आणि पाबळ यांत जो फरक आहे तो या रकान्याचा आहे.

अर्थात ही कल्पना पाबळच्याही आधीची. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, मांडणी केली होती. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा असंही त्यांना वाटत होतं. त्यावर तेव्हाच टीका झाली : अशाने शाळेचा कारखाना होईल आणि मुलं कामगार होतील. ही भीती आजही डोक्यात ठेवली पाहिजे. मुलांच्या कमाईवर शाळेचा पंखा किंवा बाक यायला लागले, की शिक्षण मागे पडतं आणि उत्पादन पुढे येतं. खर्च मांडायचा तो मुलाला कळावा म्हणून. शाळा चालावी म्हणून नाही.

दिल्ली आणि हॉलंड

अलीकडे या विषयात सर्वांत गाजलं ते दिल्ली. तिथल्या सरकारी शाळांत फेब्रुवारी २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी 'उद्योजकता मानसिकता अभ्यासक्रम' सुरू झाला. त्याचाच पुढचा भाग म्हणून २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' आलं. अकरावी-बारावीच्या मुलांनी गट करायचे, कल्पना मांडायची आणि दर विद्यार्थ्यामागे दोन हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल सरकारने द्यायचं. सुमारे तीन लाख मुलं त्यात उतरली. निवडक गटांचा टीव्हीवर कार्यक्रमही झाला, गुंतवणूकदारांसमोर मुलं उभी राहिली.

यातली बीजभांडवलाची कल्पना मला पटते. पैसा आईच्या डब्यातून न येता हिशेब द्यावा लागेल अशा ठिकाणाहून आला, की मूल वेगळं वागतं. टीव्हीचा भाग मात्र मला तितकासा पटत नाही. कॅमेऱ्यापुढे जिंकलेले गट येतात. ज्यांचे दोन हजार बुडाले त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं, पण त्यांना कोण बोलावणार? बक्षीस देताना आपल्या शाळांतही हेच होतं. माझ्या त्या मुलीला आम्ही आठशे साठ रुपयांच्या चुकीच्या आकड्यासाठी बक्षीस दिलंच ना!

आता एक गोष्ट जी शिक्षकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावी. अमेरिकेत १९१९ मध्ये 'ज्युनिअर अचीव्हमेंट' ही संस्था निघाली. विद्यार्थ्यांनी शाळेत छोटी कंपनी काढून चालवायची, ही त्यांची पद्धत नंतर अनेक देशांत गेली. तशाच एका कार्यक्रमाचा हॉलंडमधल्या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष धक्कादायक होता. मुलांच्या उद्योजकीय कौशल्यात फरक दिसला नाही, आणि पुढे धंदा करण्याची त्यांची इच्छा वाढण्याऐवजी कमी झाली!

पण त्याच देशात प्राथमिक शाळेतल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर अशाच प्रकारच्या एका छोट्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये आला. तिथे धंद्याचं पुस्तकी ज्ञान फारसं वाढलं नाही. मात्र आत्मविश्वास, चिकाटी, पुढाकार, थोडा धोका पत्करायची तयारी या गोष्टी वाढलेल्या दिसल्या.

हे दोन्ही एकत्र ठेवून मी असा अर्थ लावतो. लहान वयात या शिक्षणाने स्वभावाला वळण लागतं. मोठ्या मुलांना त्यातून वास्तव कळतं, आणि वास्तव कळलं की काहींचा उत्साह ओसरतो. तो ओसरला तर कार्यक्रम फसला असं मी म्हणणार नाही. सतराव्या वर्षी, दोन हजार रुपयांत, 'हे आपलं काम नाही' असं कळणं हे पंचविसाव्या वर्षी बापाची जमीन विकून कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आपल्या किनाऱ्यावर तर हे वाक्य कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. मांडवा ते रेवदंडा या पट्ट्यात जमीन विकून आलेल्या पैशाची गाडी घेतली, दोन वर्षं फिरवली, आणि आज त्याच जमिनीवरच्या बंगल्यात राखणदारी करतो, अशी घरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्या माणसांना अक्कल नव्हती असं नाही. एकरकमी आलेला पैसा आणि दर महिन्याला येणारा पैसा यांतला फरक त्यांना शाळेत कोणी शिकवला नव्हता.

किनाऱ्यावरची पाठ्यपुस्तकं

आपल्या मुलांना उद्योजकता शिकवायची तर बंगळुरूच्या स्टार्टअपच्या गोष्टी सांगायची गरज नाही. चालत जाण्याच्या अंतरावर धडे आहेत.

होडीचंच घ्या. बोट समुद्रातून आली की मासळी विकली जाते. त्यातून डिझेल, बर्फ, रेशन यांचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे वाटे पडतात : बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. प्रमाण गावागणिक वेगळं असतं. ही भागीदारीच आहे. भांडवलाला किती आणि श्रमाला किती, हा अर्थशास्त्रातला सर्वांत जुना प्रश्न कोळीवाड्यात दर फेरीला सुटतो. आमच्या वर्गात कोळीवाड्यातल्या एका मुलाने हे वाटे फळ्यावर मांडून दाखवले. एरवी गणितात पस्तीसला अडकणारा मुलगा. शेतकऱ्यांच्या मुलांनी त्याला विचारलं, "पण मासळी मिळालीच नाही तर?" तो म्हणाला, "मग डिझेलचे पैसे बोटवाल्याचे गेले, आमचे दिवस गेले." धोका कोणाकडे किती, हे याहून सोपं करून मला सांगता आलं नसतं. आणि जून-जुलैची मासेमारी बंदी? दोन महिने उत्पन्न शून्य, खर्च चालू. वर्षाचं अंदाजपत्रक का करायचं, हे त्या घरांना विचारा. सुकवलेला जवळा, बोंबील, सोडे हे त्या दोन महिन्यांचं उत्तर आहे. आणि ही मासळी विकायला टोपली घेऊन बसणारी कोळीण! ती कोणत्याही व्यवस्थापन संस्थेत न जाता सकाळचा भाव, दुपारचा भाव आणि उरलेल्या मालाचा भाव वेगवेगळा लावते. मुलींना उद्योजक दाखवायची असेल तर आधी तिला दाखवावं.

पेणचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावं. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीच्या मूर्तींचं काम वर्षभर चालतं, पण गिऱ्हाईक मूर्ती घरी नेतं ते वर्षातल्या मोजक्या दिवसांत. माती, रंग, मजुरी यांत महिनोन्‌महिने पैसा अडकून पडतो. काही कारखानदार म्हणून कच्च्या, न रंगवलेल्या मूर्ती आधीच मुंबईकडे किंवा बाहेरगावी विकून मोकळे होतात. पैसा लवकर सुटतो, पण रंगकामाची कमाई दुसऱ्याकडे जाते. यातलं बरोबर कोणतं? नववीच्या मुलांना हा प्रश्न घाला आणि तासभर गप्प बसा. आमच्याकडे वर्ग दोन तट पडून भांडला. 'खेळतं भांडवल' हा शब्द मी शेवटी सांगितला, तोपर्यंत ती गोष्ट त्यांना कळलेली होती.

दक्षिणेला श्रीवर्धन-दिवेआगरकडे सुपारीची वाडी आहे. श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यावर फळाला यायला काही वर्षं जातात. म्हणजे नुकसान त्या वर्षाचं नव्हतं, पुढच्या कित्येक वर्षांचं होतं. ज्यांच्या वाडीत केळी, मिरी, जायफळ असं काही आंतरपीक होतं, किंवा ज्यांची घरगुती खानावळ होती, ते आणि फक्त सुपारीवर असलेले, यांच्या पुढच्या वर्षांची तुलना मुलांनी घरोघर जाऊन करावी. विमा म्हणजे काय, बचत कशासाठी, एकाच टोपलीत सगळं का ठेवू नये, हे तिथली माणसं स्वतः सांगतील.

आणि माझ्या अगदी जवळचा धडा म्हणजे पांढरा कांदा. अलिबाग तालुक्यात कार्ले, खंडाळे, नेहुली या भागात भात कापल्यावर त्याच शेतात तो होतो. चवीला गोडसर, वेणी घालून माळा करून विकतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. बाहेरचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून रस्त्यावर विकला जातो, ही तक्रार त्याआधीपासूनची. 'नावाची किंमत' म्हणजे ब्रँड, हे शिकवायला याहून चांगलं काय मिळणार? मुलांना विचारलं, "एकाने खोटा माल खऱ्या नावाने विकला तर नुकसान कोणाचं?" पहिलं उत्तर आलं, "गिऱ्हाइकाचं." थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आलं, "सगळ्या शेतकऱ्यांचं."

मागच्या मोसमात आम्ही नववीच्या सहा मुलांचा एक गट केला. आकडे लक्षात राहावेत म्हणून गोल करून सांगतो. वीस माळा दीडशेच्या भावाने एका पालकांकडून घेतल्या, तीन हजार रुपये. हे पैसे शिक्षकांनी मिळून दिले होते, परत करायच्या बोलीवर, वहीत लिहून. वाहतूक तीनशे, बांधणी-पाट्या शंभर. एकूण तीन हजार चारशे. शनिवार-रविवार पर्यटक येतात त्या रस्त्यावर, एका पालकाच्या देखरेखीखाली, दोनशेच्या भावाने चौदा माळा गेल्या. सहा उरल्या. आता काय करायचं, यावर सोमवारी मधल्या सुट्टीत बैठक झाली. दोघांचं म्हणणं भाव सोडायचा नाही, अलिबागचा कांदा आहे. एक मुलगी म्हणाली, पुढच्या रविवारपर्यंत यातल्या तीन खराब झाल्या तर आपण तोट्यात जातो. तिने फळ्यावर मांडून दाखवलं : एकशे साठने सहाही गेल्या तर तीनशे साठ उरतात, तीनच गेल्या तर एकशेवीसचा तोटा. शेवटी एकशे साठला सगळ्या काढल्या. मुद्दल परत केलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला साठ रुपये आले.

साठ रुपये! दोन पालकांना हसू आलं. पण या वेळी ज्याच्याकडून माल घेतला त्याला पूर्ण भाव मिळाला होता, रिक्षावाल्याला भाडं मिळालं होतं, आणि घरच्या कोणाचंही फुकट काम त्यात लपलेलं नव्हतं. मागच्या बाजारातल्या आठशे साठ रुपयांपेक्षा हे साठ मला खरे वाटतात.

पालकांचे प्रश्न

असं काही करायचं म्हटलं की पालकसभेत ठरलेले प्रश्न येतात. त्यातला सर्वांत टोकदार प्रश्न मला एका आंबा-बागायतदाराने विचारला : "नोकऱ्या देता येत नाहीत म्हणून आता पोरांना धंदा शिकवताय का?" मी त्यांना खोडून काढलं नाही. त्यात तथ्य आहे. उद्योजकतेच्या गप्पा मारून सरकारने किंवा शाळेने आपली जबाबदारी झटकणं सोपं आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांनी धंदा करावा असं मला वाटतही नाही. बरीचशी नोकरीच करतील, आणि करावी. पण कंत्राटावर लागलेल्या मुलाला पगारपत्रक वाचता यावं, हप्त्यावर गाडी घेताना एकूण किती भरावे लागतील ते काढता यावं, जमिनीच्या व्यवहारात एजंट काय बोलतोय ते कळावं, एवढं तरी यातून मिळालं पाहिजे. ज्याला दुसऱ्याच्या कष्टाची किंमत वहीत लिहिता येते त्याला स्वतःच्या कष्टाची किंमत मागता येते.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा. दहावीच्या वर्षात हे करू नये, असं माझंही मत आहे. आठवी-नववी हे योग्य वय. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा जाणकारांकडे काम शिकण्याची कल्पना मांडली आहे. ते दहा दिवस सहलीसारखे घालवण्यापेक्षा होडीचे वाटे किंवा सुपारीची वाडी समजून घेण्यात घालवता येतील.

तिसरा मुद्दा कायद्याचा, तो आपणच आधी काढावा. अठराखालचं मूल कायद्याने करार करू शकत नाही, त्यामुळे मुलांच्या नावावर उधारी, कर्ज, कोणाशी लेखी व्यवहार असं काही नको. चौदाखालच्या मुलांना कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या, धोका नसलेल्या कामात मदत करणं वेगळं आणि शाळेने त्याला दुकानावर बसवणं वेगळं. दहा वर्षांवरच्या मुलाला मात्र स्वतः व्यवहार करता येईल असं बचत खातं बँक उघडून देऊ शकते. ते जरूर उघडावं. साठ रुपये असले तरी ते खात्यात जाऊ द्यावेत. आणि खाण्याचा पदार्थ असेल तर स्वच्छता आणि विस्तव या दोन्हीजवळ मोठं माणूस हवंच. आमच्याकडे मुलांनी पर्यटकांसाठी पोपटी लावायची टूम काढली होती. वालाच्या शेंगा आहेत, भांबुर्डीचा पाला फुकट आहे, मडकी आहेत, हिशेबही उत्तम मांडला होता. पण रात्री उघड्यावर जाळ करायचा, म्हणून मी नाही म्हटलं. थोडी रुसली. पुढच्या वर्षी पालकांसह करू असं ठरलं आहे.

शिक्षकांसाठी एक व्यवहाराची सूचना : मुलांना छापील तक्ता देऊ नका. साधी दोनशे पानी वही द्या. डाव्या पानावर आलेला पैसा, उजव्या पानावर गेलेला, रोजच्या रोज, कीर्द लिहितात तशी. शेवटच्या पानावर तीनच रकाने आखून घ्या : घरून काय आणलं आणि बाजारात त्याची किंमत काय, कोणी किती तास काम केलं, काय उरलं किंवा वाया गेलं. बक्षीस द्यायचंच असेल तर सर्वांत जास्त नफ्याला देऊ नका. ज्याची वही सर्वांत खरी त्याला द्या. आमच्याकडे गेल्या वर्षी पहिलं बक्षीस चाळीस रुपये तोटा झालेल्या मुलाला गेलं. त्याने ताक आणलं होतं, दिवस ढगाळ निघाला. त्याने वहीत लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी आदल्या दिवशी हवामान बघणे, निम्मंच आणणे.'

घावनवाली मुलगी आता अकरावीला आहे. दहावीच्या वर्षी तिने काही केलं नाही, मला वाटलं उत्साह गेला. या वर्षी तिचा निरोप आला की नागावला त्यांच्या नात्यातल्या एकांची पर्यटकांसाठी घरगुती खानावळ आहे, तिथे शनिवार-रविवारी सकाळी आई घावन करून देते. भाव मुलीने ठरवला : प्लेटीमागे पस्तीस, सामान खानावळीचं, आणि तीसपेक्षा कमी प्लेटी गेल्या तरी आईची तीन तासांची मजुरी द्यायचीच. वही अजून लिहिते का, विचारलं तर म्हणाली, "आता आईच लिहिते सर. तारीख मी घालून देते."